दहानं भागलेली वेळ

माझ्या नावावर एकच शोधनिबंध आहे. तो छापून आला त्या दिवशी मी घरी पुरण घातलं होतं, आणि नवरा ताटावर बसता बसता म्हणाला होता, "आज कोणता सण हाये? मले तं आठवत नाही." मी त्याच्यापुढे छापील पानं धरली. त्यानं पहिल्या पानावरचं माझं नाव वाचलं, बाकीची पानं नुसती उलटली आणि पोळीवर तूप वाढून घेतलं. माणूस सोयाबीन-तुरीतला, त्याला त्यातलं काय कळणार. पण जेवण झाल्यावर तो अंगणात जाऊन शेजाऱ्यांना सांगत होता, "आमच्या हिनं कायतरी मोठं छापलं," हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं. त्या दिवशी मी भांडी घासताना गाणं म्हणत होते.

कॉलेजात तर त्या निबंधामुळे माझं वजनच वाढलं. गणित विभागात आम्ही दोनच माणसं. त्यातले एक सर निवृत्तीच्या वाटेवर. त्यामुळे वार्षिक अहवालात "गणित विभागाचे संशोधन" असे शब्द आले की प्राचार्य माझ्याकडे हात करत आणि मी मान खाली घालून लाजल्याचं नाटक करी. खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. वर्षातून एकदा येणाऱ्या त्या एका वाक्याची मी वाट पाहायचे.

निबंध होता बीजगणित करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. कॅल्क्युलेटर फक्त आकड्यांची गणितं करतो. ही सॉफ्टवेअरं 'क्ष'ला 'क्ष' म्हणूनच वागवतात, त्याची किंमत विचारत नाहीत. आपण वहीत करतो तसे कंस सोडवतात, अवयव पाडतात, समीकरणं सोडवतात. फक्त आपल्याला ज्याला महिना लागेल ते घटकाभरात करतात. काही विकत मिळतात, काही फुकट. आमच्या लॅबमधले संगणक म्हणजे दुसऱ्या विभागांनी वापरून झाले की आमच्याकडे येणारे. अशा थकलेल्या संगणकांवर फुकटातलं कोणतं सॉफ्टवेअर सगळ्यात चपळ चालतं, हे मी तपासलं होतं. तीन घेतली होती. त्यांची नावं इंग्रजी आणि आडवीतिडवी, म्हणून माझ्या विद्यार्थिनींनी घरातल्या जावांसारखी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं पाडली. थोरली उघडायलाच वेळ लावायची. मधली एवढ्याशा उत्तरासाठी पानभर बोलायची. धाकटी अंगानं हलकी, जुन्या संगणकावरही कुरकुर न करता चालणारी. माझा निष्कर्ष होता की धाकटी सगळ्यात चपळ, आणि खेड्यापाड्यातल्या कॉलेजांनी तीच घ्यावी. आम्ही घेतलीच होती. ऐकलं की आणखी दोन-तीन कॉलेजांनीही घेतली.

आता त्या मुलीचं सांगते. ती एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या वडलांचं महागावला मोटर रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढून टाकायची आणि नवी तार वेढे मोजून बांधायची, असा तो धंदा. मुलगी दुसरीत असल्यापासून अब्बांच्या शेजारी बसून वेढे मोजायची. माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला विचारलं होतं, "गणितच का घेतलंस?" तर म्हणाली, "मॅडम, मले मोजता मोजता मधीच कोणी बोललं तरी आकडा नाही सुटत." मला हे उत्तर इतकं आवडलं की मी तिला त्याच दिवशी माझ्या घरचा पत्ता देऊन टाकला. मग ती रविवारीही येऊ लागली. मला मूल नाही. हे मी इथे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी जे वागले त्यात त्याचाही हात असेल असं मला उगाच वाटत राहतं.

दूरच्या शहरातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेची लेखी परीक्षा ती पास झाली. पीएच. डी.साठी. आता राहिली होती मुलाखत, आणि मुलाखत तिच्या एम. एस्सी.च्या प्रकल्पावर होणार होती. अब्बांनी सांगून ठेवलं होतं, "एकदा जाऊ देतो. झालं तं जाय. नाही झालं तं घराजोळ बी. एड. कर अन् इथचीच शाळा पाहाय." त्यांचा आवाज कडक नव्हता, पण एकदा म्हणजे एकदाच, हे आम्हां दोघींनाही समजलं होतं. दुसरी संधी नव्हती.

तिचा प्रकल्प म्हणजे माझ्याच निबंधाचं पुढचं पाऊल. मधल्या वर्षांत तिन्ही सॉफ्टवेअरं सुधारली होती, तेव्हा पुन्हा एकदा तिघींना पळवून पाहायचं. पद्धत माझी आणि प्रोग्रॅमही माझाच. ती पद्धत कुठून आली, तेही सांगते. नववीत आम्हाला लंबकाचा प्रयोग होता. एका झोक्याची वेळ घड्याळात नीट पकडता येत नाही, म्हणून दहा झोके मोजायचे आणि दहानं भागायचं. माहेरी, नेरच्या शाळेत आमच्या सरांनी हे इतकं घोटून घेतलं होतं की पुढे आयुष्यात मी काहीही मोजलं की आधी दहानं गुणलं आणि मग दहानं भागलं. सॉफ्टवेअरचंही तेच केलं. एकच गणित लागोपाठ दहा वेळा करायला लावायचं, एकूण वेळ घ्यायची, दहानं भागायची. माझा प्रोग्रॅम शेवटी फक्त तो भागाकार छापायचा.

एप्रिल सुरू झाला होता. दुपारी वीज जायची, आणि कधी जाईल ते सांगून जायची नाही. लॅबमधला बॅटरीचा डबा मेल्याला दोन वर्षं झालेली. दहातल्या आठ फेऱ्या झाल्या की दिवे जायचे आणि सगळं पाण्यात. असं तीनदा झाल्यावर मुलीनं माझ्या प्रोग्रॅममध्ये छोटासा बदल केला. प्रत्येक फेरी संपली की तिची वेळ तिथल्या तिथे लिहून ठेवायची, म्हणजे वीज गेली तरी झालेलं काम हातात राहील. साधी गोष्ट. ती मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले तर ती खुर्चीत मागे रेलून पडद्याकडे पाहत बसली होती. "मॅडम, हे पाहता का जरा?"

एका मोठ्या बहुपदीचे अवयव पाडायचं गणित होतं. धाकटीची पहिली फेरी, एकेचाळीस सेकंद. दुसरी फेरी, शून्य. तिसरी, शून्य. चौथी, पाचवी, दहावीपर्यंत शून्य.

"धाकटी काम करूनच नाही राह्यली मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिल्यांदा करते, अन् उत्तर ध्यानात ठेवते. पुन्हा तेच विचारलं की तेच काढून देते."

"आणि थोरली?"

"थोरली दहाही वेळा पहिल्यापासून करते. बारा-बारा सेकंद घेते. मधली बी तसंच."

एकेचाळीसला दहानं भागलं की चार येतात. थोरलीचे बारा, धाकटीचे चार. माझ्या निबंधातही धाकटी अशीच तिपटीनं पुढे होती. लंबक आपले आधीचे झोके ध्यानात ठेवत नाही. धाकटी ठेवत होती, आणि मी तिला दहा वेळा तेच विचारून तिचं कौतुक छापून बसले होते.

मी घाबरले. आणि मला घाबरल्यावर राग येतो, हे माझ्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. "तुझ्या प्रोग्रॅममध्येच काहीतरी घोळ असेल," मी म्हटलं.

"प्रोग्रॅम तुमचाच हाये मॅडम. मी फक्त छापायची ओळ आत घेतली."

"मग कशाला हात लावलास त्याला!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातून दोन डोकी बाहेर आली. मुलगी उठून उभी राहिली. मी म्हटलं, "हे बघ, मुलाखत अकरा दिवसांवर आलीय. अहवाल पाठवून झालाय. आता यातलं काहीही हलवायचं नाही. मुलाखत होऊन जाऊ दे, मग बघू."

"बरं मॅडम," ती म्हणाली.

मी हे तिच्या भल्यासाठीच सांगते आहे, असं मी स्वतःला घरी जाईपर्यंत पटवत होते. अकरा दिवसांत सगळे तक्ते नव्यानं करायचे, वीज अशी, संगणक असे, आणि एवढं करून मुलाखतीत कबूल करायचं की आधी पाठवलेलं चुकीचं होतं! कोण घेईल अशा मुलीला? हे सगळं खरंच होतं. पण त्याच्याखाली दुसरंही होतं, आणि ते मला चांगलं दिसत होतं. तिचा तक्ता चुकीचा म्हटला की माझाही चुकीचा. माझा एकुलता एक निबंध.

दुसऱ्या दिवशी ती लॅबची चावी मागायला आली. चावी माझ्याकडे असते. मी म्हटलं, "आज साफसफाई आहे." साफसफाई नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मी म्हटलं, "आत परीक्षेची तयारी चालू आहे." तिनं काचेतून आत रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि निघून गेली. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. चौथ्या दिवशीही नाही. चिडचिड करणाऱ्या माणसाला समोर कोणीतरी लागतं. समोर कोणी नसलं की स्वतःचाच आवाज ऐकू येतो, आणि तो माझा मला मुळीच आवडला नाही.

आमच्या विहिरीची मोटर त्यांच्या दुकानात टाकलेली होती. तेवढं निमित्त धरून मी संध्याकाळी तिथे गेले. दुकान म्हणजे टिनाचं शेड, दारात उघड्या पडलेल्या मोटरी आणि वॉर्निशचा वास. तिचे अब्बा एका शेतकऱ्याशी वाद घालत होते. मोटर खाली भर्रकन फिरत होती. शेतकरी म्हणत होता, "चालते ना आता, देऊन टाका ना भाऊ." अब्बांनी बटण बंद केलं आणि म्हणाले, "आज नाही. उद्या सकाळी या."

"काहून? चालून तं राह्यली."

"गरम हाये म्हणून चालून राह्यली. गरम मोटर कोणीबी चालवन. तुमी वावरात सकाळी जाऊन बटन दाबसान तवा ते थंडी राह्यन का गरम?"

"थंडी."

"मंग मले थंडी चालवून पाहा लागन. रातभर पडू द्या तिले."

शेतकरी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत निघून गेला. मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. इतकी वर्षं मी धाकटीला एकदा तापवून नऊ वेळा पळवलं होतं. पण विद्यार्थी लॅबमध्ये येतो तेव्हा तो सॉफ्टवेअर नव्यानं उघडतो आणि नवंच गणित घालतो. त्याच्या वाट्याला कायम पहिलीच फेरी येते. सरळ गोष्ट होती. टिनाच्या शेडमध्ये ती रोजची होती.

अब्बांनी हात पुसले, आतून चहा मागवला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मॅडम, पोट्टी तीन दिवस झाले नीट जेवून नाही राह्यली. काय झालं विचारलं तं म्हणते, अब्बा, कॉलेजचं काम हाये, तुमाले नाही समजणार." त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "बरोबर हाये. मले नाही समजत. पण तुमाले तं समजते."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरोखरच विश्वासानं सांगितलं होतं, डॉक्टरला सांगतात तसं. म्हणूनच ते मला जास्त लागलं. 

ती पडद्याआडून कप न्यायला आली तेव्हा मी पर्समधून लॅबची चावी काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. म्हटलं, "लागोपाठ दहा वेळा नको आता. सॉफ्टवेअर बंद करायचं, पुन्हा उघडायचं, आणि थंडं असताना एकदाच मोजायचं. मग पुन्हा बंद. असं दहा वेळा. प्रत्येक वेळ वेगळी लिहायची."

तिनं चावी उचलली. मग म्हणाली, "हे तुमाले अब्बानं शिकवलं?"

"हो."

ती हसली. अब्बांना काय झालं ते काही समजलं नाही, पण पोरगी हसली म्हणून तेही हसले.

पुढचे सहा दिवस आम्ही दोघी लॅबमध्ये होतो. सकाळी सातला जायचं, कारण तेव्हा वीज टिकायची. ती उघडायची, चालवायची, बंद करायची. मी वेळा वहीत उतरवायची. प्रत्येक गणित, प्रत्येक सॉफ्टवेअर, दहा वेळा. थोरली उघडायला इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात आमचं बोलणं व्हायचं. तिनं मला सांगितलं की त्या शहरात गेल्यावर तिला सगळ्यात जास्त भीती हॉस्टेलच्या जेवणाची आहे. मी तिला सांगितलं की मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने रोज नेरच्या बसची पाटी पाहून यायची. तिनं विचारलं, "मंग बसल्या काहून नाही?" मी वहीत पुढची वेळ उतरवली. नवरा दुपारी दोघींचा डबा घेऊन यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "कोण जिकून राह्यलं?" आणि आम्ही दोघी एकदम म्हणायचो, "थोरली!" ते सहा दिवस मला माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे दिवस वाटतात.

नवा तक्ता तयार झाला. मोठ्या गणितांत थोरली पहिली, मधली दुसरी, धाकटी पार मागे. लहानसहान गणितांत मात्र धाकटीच पुढे होती, त्याचं मला उगाच बरं वाटलं. सुधारलेल्या अहवालात चूक कशी झाली हे सांगणारं एक पान घालावं लागणार होतं. "ते मी लिहिते मॅडम," ती म्हणाली. मी हो म्हटलं. तिनं लिहून आणलं, मी न वाचता सही केली आणि नवा अहवाल संस्थेला गेला. वाचायची हिंमत नव्हती.

मुलाखत ऑनलाइन होती. इंटरनेट बरं चालतं ते आमच्या विभागाच्या खोलीतच, म्हणून तिला तिथे बसवलं. खोलीत दुसरं कोणी असायचं नाही असा नियम होता, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात खिडकीखालच्या बाकावर बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. पहिली दहा मिनिटं ती अडखळली, मग तिचा आवाज स्थिरावला आणि मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटली. तेवढ्यात एका बाईंचा आवाज आला, "एकच गणित दहा वेळा करून सरासरी काढायची, ही पहिल्या अहवालातली पद्धत तुम्ही कुठून घेतलीत?"

"माझ्या मार्गदर्शकांच्या निबंधातून," ती म्हणाली. "पण त्यांनी ती बरोबर वापरली होती. मी नीट समजून न घेता उचलली. चूक माझी आहे."

मी बाकावरून अर्धी उठले.

"तुम्ही तो निबंध पुन्हा तपासला?" आता पुरुषाचा आवाज.

"हो सर."

"त्यात ही चूक नाही?"

आत पंखा खडखडत होता.  मग ती म्हणाली, "नाही सर."

ज्या मुलीचा वेढ्यांचा आकडा कधी सुटला नव्हता, ती माझ्यासाठी खोटं बोलली. आणि त्या लोकांना माझा निबंध उघडून पाहायला पाच मिनिटं पुरली असती. उघडला की त्यांना दिसणार होतं की मुलगी एक तर डोळे मिटून काम करते, नाही तर खोटं बोलते. दोन्हीतलं काहीही ठरलं तरी तिची ती एकच संधी माझ्यापायी जाणार होती. मला आत धावत जावंसं वाटलं. नियम आठवला आणि बाकाची कड धरून बसून राहिले.

ती बाहेर आली तशी मी तिचा दंड धरला. "काहून खोटं बोलली तू? काहून?" भान सुटलं की माझीही बोली घरची होते.

"तुमी ऐकून राह्यल्या होत्या?"

"काहून बोलली ते सांग आधी!"

तिनं ओढणीनं कपाळ पुसलं. "एकच तं हाये मॅडम तुमचा," ती म्हणाली.

मला रडू आलं. कॉलेजच्या व्हरांड्यात, शिपायासमोर. मग तीही रडायला लागली. शिपायाला वाटलं मुलाखत वाईट गेली, तो बिचारा पाण्याचे दोन पेले घेऊन आला. पाणी पिऊन मी तिला आणखी एकदा रागावले आणि घरी पाठवून दिलं.

मग मी त्याच खोलीत, तिच्याच खुर्चीत बसून दोन पत्रं लिहिली. एक त्या संस्थेला. "माझ्या विद्यार्थिनीने मुलाखतीत माझ्या निबंधाबद्दल दिलेलं उत्तर मला वाचवण्यासाठी होतं. पद्धत माझी, प्रोग्रॅम माझा, चूक माझी. माझ्या निबंधातही ती आहे. तिने ती शोधली तेव्हा मी तिला गप्प बसायला सांगितलं होतं, तरी तिने काम नव्याने केलं." दुसरं पत्र ज्या नियतकालिकानं माझा निबंध छापला त्यांना. "माझ्या निबंधातले वेळांचे तक्ते चुकीचे आहेत, त्यावर काढलेला निष्कर्ष मी मागे घेते. ही चूक माझ्या विद्यार्थिनीने शोधली," आणि पुढे तिचं पूर्ण नाव. पत्रं पाठवायचं बटण दाबलं. दाबल्यावर हलकं वाटलं. जिथे जिथे धाकटी घेतली होती त्या कॉलेजांनाही कळवलं. मुलीला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं माझा हात धरला असता.

प्राचार्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "मॅडम, पण मग अहवालात आता मी काय वाचू?"

"वाचा की गणित विभागात एक चूक सापडली," मी म्हटलं. त्यांना ते काही पसंत पडलं नाही.

निकालाला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी फोन वाजला की दचकायची. संस्थेकडून माझ्या पत्राला उत्तर आलं नाही, पोच फक्त आली. माझं पत्र वाचून ते तिला खोटारडी ठरवतील की काय, या विचारानं मी दोनदा भाजी करपवली. आणि एका दुपारी ती आमच्या फाटकातून आत आली ती चप्पल न काढताच. निवड झाली होती. मी तिला काही बोलू दिलं नाही, आधी धरून ठेवलं. नवरा वावरातून आला आणि दोघींना तशा उभ्या पाहून म्हणाला, "आता कोण जिकलं?" 

ती गेली. हॉस्टेलचं जेवण तिला खरंच आवडलं नाही.

नियतकालिकात माझी दुरुस्ती छापून यायला दिवाळी उजाडली. अर्धं पान. तिला ती तिकडे संगणकावर दिसली असावी, कारण तिचा फोन आला आणि ती बराच वेळ नुसती "मॅडम... मॅडम" एवढंच म्हणत राहिली. तिचं नाव छापून यायची ती पहिलीच वेळ होती. तिनं अब्बांनाही सांगितलं असणार, कारण दोन दिवसांनी ते कॉलेजात आले. हात साबणानं घासून घासून लाल केलेले, तरी नखांत वॉर्निश राहिलंच होतं. मी छापलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. इंग्रजी त्यांना येत नाही.

"पोट्टीचं नाव कोठी हाये यात?"

मी बोट ठेवलं. त्यांनी बोटाखालची अक्षरं नीट पाहून घेतली. "अन् तुमचं?"

"हे वर."

"तुमच्या नावासंग काय लिहेल हाये?"

"या बाईंची चूक झाली, असं."

"अन् पोट्टीच्या?"

"तिनं ती शोधली."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "मॅडम, मी हा दुकानात लावणार होतो. बोर्डाच्या वर. पण लोक विचारतीन, कोणीतरी वाचून दाखवन. तुमची चूक साऱ्या गावाले दिसन."

"दिसू द्या," मी म्हटलं, आणि कागद नीट घडी करून त्यांच्या हातात दिला. "तिचं नाव दिसलं पायजे."